हिवाळ्याचा आकडा

शृंगारतळीत, बर्फाच्या कारखान्यामागे
हमदुल्यांचं गॅरेज. पाटी नाही.
पत्र्याला टांगलेला एक मोडका क्रँकशाफ्ट, तीच पाटी.

मी डबा पुढे केला. पुण्याहून मागवलेला, पाच लिटर,
ज्याचं बिल मी घरी दाखवलं नव्हतं.
त्यांनी आधी बूच बघितलं, नखाने सील चाचपलं,
डबा कानाशी धरून नारळासारखा हलवला.
मग चष्मा कपाळावरून खाली.

"शून्य डब्ल्यू वीस. कोणी सांगितलं हे?"
कंपनीने. पुस्तकात आहे.
"पुस्तक लिहिणारा कधी कुंभार्ली चढलाय?
मे महिन्यात, एसी लावून,
टर्बो लाल होईस्तोवर?"

शेवटचा आकडा उन्हाचा, म्हणाले,
तापल्यावर तेल किती दाट राहतं त्याचा.
पहिला हिवाळ्याचा.
मी हसलो. आपल्याकडे कसला हिवाळा, हमदुले?
पौषात चार पहाटा जरा गार,
तेवढ्यावर कलमं मोहरली तर मोहरली.

ते हसले नाहीत.
"हिवाळा बाहेर नसतो रे.
रात्रभर गाडी उभी, तेल सगळं उतरून तळाला.
सकाळी तू किल्ली फिरवतोस, वर सगळं कोरडं.
तेल तिथवर पोचेपर्यंत जे दोन-तीन सेकंद,
तो हिवाळा.
लोकांना वाटतं इंजिन घाटात झिजतं.
झिजतं ते दारातच."

जुना फिल्टर त्यांनी हॅक्सॉने कापला,
आतल्या कागदाच्या निऱ्या एकेक उलगडून
ट्यूबलाइटखाली पसरल्या.
काळ्या तेलात काही चकाकलं,
तारलीच्या खवल्याचा चुरा असावा तसं.
लोहचुंबक फिरवला. चिकटलं नाही.
"बेअरिंग," एवढंच म्हणाले,
आणि मला दिसला आधीचा मालक,
न पाहिलेला, कोथरूडचा की कुठला,
रोज सकाळी किल्ली फिरवून लगेच
पायाखाली सगळा जोर देणारा.
त्याचे सगळे हिवाळे आता माझ्या नावावर.

नवे तीन फिल्टर फळीवर. एक चकचकीत, वर नक्षी.
त्यांनी अंगठ्याने आतली रबराची झडप दाबली,
दाबून सोडली. रात्री तेल धरून ठेवते ती हीच.
चकचकीताची झडप पापडासारखी कडक.
घेतला तो साधा, काळा, हाताला जड.

मी डिकीतून आणखी एक खोका काढला.
हवेचा फिल्टर, लाल, सुती, उघडा,
ज्याने म्हणे इंजिन श्वास घेताना ऐकू येतं.
हमदुल्यांनी रस्त्याकडे बोट केलं.
चिऱ्यांचा ट्रक गेला होता नुकताच,
समोरच्या खानावळीचं नाव
धुळीत निम्मं राहिलं होतं.
"आवाज येईल छान. जांभाही येईल आत."
खोका मी परत डिकीत ठेवला.
फेकला नाही, हे कबूल करतो.

शेवटी त्यांच्याच फळीवरचं पाच चाळीस.
ओतताना काकवीपेक्षा पातळ, मधापेक्षा फिकं.
गॅरेजमधला पोरगा मान वाकडी करून
धार तुटेपर्यंत बघत राहिला.
"आणि हे?" मी माझ्या डब्याकडे बघितलं.
"वैनींच्या शिलाई मशीनला. वीस वर्षं पुरेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे, पालशेतला,
सुरूच्या बनातून खारा वारा, बॉनेट दवाने ओलं.
किल्ली फिरवली. रेस दिली नाही.
आधी खडखड, मग ती खडखड
कुणीतरी समजूत काढल्यासारखी खाली बसत गेली.

स्वयंपाकघराचा दिवा लागला.
खिडकीत वैजू, केस न विंचरलेले, हातात कागद.
"तेलाचं बिल सापडलं," म्हणाली.

इंजिन अजून थंड होतं.
मी थांबलो.